वेग सोडला, बांधणी राखली

अहिल्यानगर हे नाव आता कागदोपत्री लागले आहे. रणगाडे पाहायला येणारी माणसे मात्र अजून ‘नगरला’च येतात. आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४मध्ये इथे उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉईसच्या जुन्या चिलखती गाडीपासून विजयंतापर्यंत कित्येक पिढ्या रांगेत उभ्या आहेत. त्यांत सेंच्युरियन आहे. याच जातीच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यातून पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरची लढाई लढले आणि तिथेच त्यांना वीरमरण आले. तो रणगाडाही नगरच्या याच संस्थेत जतन केलेला आहे. बघणारे तोफ बघतात, चिलखत बघतात. इंजिन झाकलेले असते, त्याची कोणी चौकशी करत नाही. या लेखाची सुरुवात मात्र त्या इंजिनापासून करायची आहे.

सेंच्युरियनच्या पोटात ‘मीटिऑर’ नावाचे इंजिन असे. ते मुळात रणगाड्यासाठी जन्मलेलेच नव्हते. ‘स्पिटफायर’ विमानातल्या ‘मर्लिन’ इंजिनाचे ते जमिनीवर उतरवलेले रूप. १९४१च्या सुमारास ब्रिटिश रणगाड्यांना ताकदवान आणि तरी भरवशाचे इंजिन मिळत नव्हते. तेव्हा रोल्स-रॉईसच्या तंत्रज्ञांनी मर्लिनमधला सुपरचार्जर काढून टाकला. उंचावरच्या विरळ हवेत इंजिनाला दम लागू नये म्हणून हवा दाबून आत कोंबणारा हा भाग. जमिनीवर त्याची गरज नव्हती, आणि त्याने येणारा ताणही नको होता. हजाराहून अधिक अश्वशक्तीचे इंजिन सहाशेच्या घरात आले. तेच बारा सिलिंडर, तेच २७ लिटर, पण प्रत्येक भागावरचा भार हलका. कमी प्रतीचे पेट्रोल चालू लागले. आणखी एक गोष्ट घडली, आणि आपल्या विषयाला तीच जास्त महत्त्वाची आहे. विमानाच्या कडक कसोटीला न उतरलेले किंवा निकामी विमानांतून काढलेले सुटे भागही आता इंजिनात बसवता येऊ लागले. ताकद कमी केल्याने इंजिन टिकाऊ झाले, तसेच ते बांधणेही सोपे झाले.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात याचे कोणाला फार नवल वाटू नये. जुन्या बॉयलरचा कमाल दाब निरीक्षक उतरवून देतात आणि पुढचे काही हंगाम तो त्या दाबावर चालतो. संगणकाच्या आज्ञावलींमध्येही हाच सौदा रोज होत असतो, पण त्याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिले गेलेले नाही. तिथे एक फरक आहे. बॉयलरचा पत्रा झिजतो. वीस वर्षांपूर्वीचा प्रोसेसर मात्र बेरीज आजही बरोबरच करतो. झिजते ते त्याच्याभोवतीचे जग.

हे झिजणे समजण्यासाठी आज्ञावली तयार कशी होते ते थोडे पाहू. लिहिणारा माणूस जी मूळ संहिता लिहितो ती माणसाला वाचता येते. प्रोसेसरला कळतात त्या फक्त त्याच्या जातीच्या आज्ञा. दोहोंमधला दुभाषा म्हणजे कंपायलर. संहिता कंपायलरमधून काढायची, तयार तुकडे एकमेकांना जोडायचे, चाचण्या चालवायच्या आणि वापरण्याजोगे पॅकेज हातात द्यायचे, या साऱ्याला तंत्रज्ञ ‘बिल्ड’ म्हणतात. आपण बांधणी म्हणू. एकच संहिता वेगवेगळ्या जातींच्या प्रोसेसरांसाठी स्वतंत्रपणे बांधावी लागते. एखाद्या जातीवर बांधणी होत नसेल, तर त्या यंत्राच्या दृष्टीने ती आज्ञावली अस्तित्वातच नसते.

मुक्त आज्ञावलींच्या जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा कंपायलर म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला जीसीसी. त्याच्या पोटात संहितेवर एकामागून एक शंभराहून कितीतरी अधिक संस्कार होतात. मुंबईच्या आयआयटीमध्ये प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने या एकाच कंपायलरच्या अभ्यासासाठी ‘जीसीसी रिसोर्स सेंटर’ उभे राहिले, यावरून त्याचा आवाका लक्षात यावा. या संस्कारांपैकी बरेचसे भाषांतरासाठी आवश्यक नसतात. तयार होणारी आज्ञावली वेगाने पळावी म्हणून ते केलेले असतात. त्यांना ऑप्टिमायझेशन म्हणतात. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. ‘ओ-शून्य’ म्हणजे शब्दशः भाषांतर, ‘ओ-एक’ म्हणजे जुजबी सफाई, ‘ओ-दोन’ ही सर्वसाधारण रीत आणि ‘ओ-तीन’ म्हणजे हौस.

कंपायलर नेमके करतो काय? स्वयंपाक करताना मीठ-मोहरीचे डबे ओट्यावर हाताशी असतात, बाकीचे फडताळात. प्रोसेसरचा ओटा म्हणजे रजिस्टर, फडताळ म्हणजे मेमरी. फडताळापर्यंतचा हेलपाटा खर्चिक, म्हणून कोणता डबा कधी ओट्यावर आणायचा आणि कधी परत ठेवायचा याचा हिशेब कंपायलर करतो. जुन्या ३२ बिटी इंटेल प्रोसेसरच्या ओट्यावर आठच डबे मावतात, आणि त्यातला एक तर कायम अडकलेला. नंतरच्या ६४ बिटी पिढीत जागा सोळा झाल्या. दुसरी युक्ती अशी, की संहितेतला एखादा छोटा भाग वारंवार लागत असेल, तर दर वेळी तिकडे जाऊन येण्यापेक्षा त्याची नक्कल प्रत्येक ठिकाणी चिकटवून टाकायची. वेळ वाचतो, आज्ञावली फुगते. मोठ्या यंत्रावर हे परवडते. पण ४८६ प्रोसेसरच्या पोटातली झटपट मेमरी होती अवघी ८ केबी. तिथे फुगलेली आज्ञावली कधीकधी न फुगलेलीपेक्षा हळू चालते. वेगासाठी केलेला खटाटोप वेगालाच बाधतो.

तरीही हळू चालणे ही किरकोळ तक्रार. जुन्या यंत्रांची खरी अडचण बांधणी मध्येच मोडण्याची आहे, आणि ती निरनिराळ्या ठिकाणी मोडते.

सर्वांत सरळ प्रकार म्हणजे कंपायलरच कोसळणे. ओट्यावर जागा करण्यासाठी कोणता डबा उचलावा हे ठरवता ठरवता त्याचा हिशेब अडतो आणि ‘माझ्याच आत चूक झाली’ अशा अर्थाचा संदेश देऊन तो थांबतो. संहिता निर्दोष, यंत्र निर्दोष, दुभाष्याची बोबडी वळलेली. हे जुन्या जातींवरच जास्त का होते? कारण साधे आहे. वेगवाढीच्या नव्या युक्त्या रचणाऱ्यांच्या टेबलावर ६४ बिटी यंत्र असते. ओट्यावर भरपूर जागा आहे असे धरून युक्ती रचली जाते आणि तिथेच तपासली जाते. जुन्या जातीवर ती प्रथम चालते तेव्हा तपासनीस म्हणून कोणी नसतो; असते ती थेट एखाद्या बिचाऱ्या पॅकेजची बांधणी. ‘ओ-एक’ची सफाई मात्र गेली कित्येक वर्षे सगळ्या जातींवर घासून गुळगुळीत झालेली असते. म्हणून पायरी उतरली की बांधणी बहुधा पार पडते. त्यात जादू काही नाही. ज्या वाटेने जास्त लोक गेले त्या वाटेने जाणे, एवढेच.

डेबियन या प्रकल्पात याची उदाहरणे ढिगाने सापडतात. इयान मर्डॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेली ही मुक्त कार्यप्रणाली अनेक जातींच्या प्रोसेसरांसाठी बांधली जाते. पॅकेज ‘ओ-दोन’ने बांधावे असे तिचे सर्वसाधारण धोरण आहे, आणि गरज पडली तर वेगवाढ पूर्ण बंद करता यावी अशी सोयही त्याच धोरणात आहे. मोटोरोलाची ६८००० ही जात घ्या. १९७९मध्ये आलेला हा प्रोसेसर १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये होता, पुढे अमिगामध्ये होता. २००७च्या आवृत्तीपासून डेबियनने तिला अधिकृत यादीतून वगळले. तरी काही स्वयंसेवक तिच्यासाठी आजही पॅकेजे बांधतात. मूळ यंत्रावर मोठे पॅकेज बांधायला दिवसच्या दिवस लागत, म्हणून आता बरेचसे काम नव्या यंत्रात जुन्याचे सोंग आणणाऱ्या एम्युलेटरवर चालते. दोन दिवस चाललेली बांधणी शेवटच्या तासात कोसळली की काय वाटत असेल, हे पावसाच्या तोंडावर कांदा चाळीत भरणाऱ्याला सांगायला नको. अशा वेळी पॅकेजच्या नियमांच्या फायलीत दोन-तीन ओळी घातल्या जातात: जात ६८००० असेल तर ‘ओ-दोन’ऐवजी ‘ओ-एक’. बाकीच्या जातींना धक्का लागत नाही.

मोडण्याची दुसरी जागा मेमरीची. ३२ बिटांत मोजता येणाऱ्या पत्त्यांची संख्या चार अब्जांच्या थोडी वर, म्हणजे ४ जीबी. यंत्रात कितीही मेमरी कोंबली तरी एका आज्ञावलीला यापलीकडचे दिसत नाही. प्रत्यक्षात कार्यप्रणाली आपला वाटा काढून घेते आणि २ किंवा ३ जीबीच उरतात. एवढ्या जागेत कोणतीही छोटी आज्ञावली सुखाने चालते. प्रश्न ती चालवण्याचा नसून बांधण्याचा आहे. सगळे तुकडे एकत्र पाहून वेगवाढ करायची तर सगळे एकाच वेळी मेमरीत हवेत. डिसेंबर २०११मध्ये फायरफॉक्स या ब्राउझरची हीच गत झाली. विंडोजसाठीची बांधणी ३ जीबीच्या मर्यादेवर येऊन आपटली. वापरणारे ब्राउझर कसा वापरतात याची नोंद घेऊन त्यानुसार वेगवाढ करण्याची एक भारी पद्धत मोझिला वापरत असे, आणि तिलाच ही जागा पुरेना. बांधणी ६४ बिटी विंडोजवर हलवून थोडी उसंत मिळाली, कारण तिथे ३२ बिटी आज्ञावलीला पूर्ण ४ जीबी वापरता येतात. पण फायरफॉक्स वाढतच होता. पुढे ज्या भागांना या पद्धतीचा फारसा लाभ नव्हता त्यांच्यापुरती ती बंद करावी लागली. जगातल्या नामांकित आज्ञावलींपैकी एक, पैशाची तशी ददात नाही, तरी सौदा तोच. याचे अतिकठोर रूप ‘मिप्सेल’ या ३२ बिटी जातीवर दिसले. तिथे आज्ञावलीला दोनच जीबी मिळतात. पायऱ्या उतरून उतरून डेबियनने २०२३मध्ये त्या जातीचा नाद सोडला.

तिसरा प्रकार मात्र गुपचूप होतो. त्यावर थोडे रेंगाळायला हवे, कारण नगर जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत आणि व्याजाची आकडेमोड हे संगणकाचे घरचे काम समजले जाते.

एक तृतीयांश ही संख्या दशांशात पूर्ण लिहिता येत नाही. तीनावर तीन लिहीत राहावे लागते. तसेच संगणकाच्या द्विमान पद्धतीत साधे एक दशांशही पूर्ण लिहिता येत नाही. कुठेतरी तोडावे लागते. जुन्या ३२ बिटी इंटेल यंत्रांत अपूर्णांकांचे गणित करणारा भाग ओट्यावर ८० बिटांपर्यंत आकडे ठेवत असे, आणि फडताळात ठेवताना तोच आकडा ६४ बिटांत छाटला जाई. आता समजा, एकाच गणिताचे उत्तर एकदा ओट्यावरून घेतले आणि एकदा फडताळातून काढले. शेपटाकडचे अंक जुळणार नाहीत. ‘हे दोन सारखे आहेत का?’ या प्रश्नाला यंत्र ‘नाही’ म्हणेल, आणि ते खोटेही बोलत नसेल. कोणता आकडा ओट्यावर राहील हे ठरवतो कंपायलर, म्हणजेच वेगवाढीची पायरी. ‘ओ-शून्य’वर जवळजवळ प्रत्येक आकडा लगेच फडताळात जातो, त्यामुळे उत्तर बव्हंशी एकसारखे येते. ‘ओ-दोन’वर तो ओट्यावर रेंगाळतो आणि शेवटचा अंक हलतो. जीसीसीच्या तक्रारवहीत ३२३ क्रमांकाने नोंदलेली ही तक्रार २००० सालची. तिच्यावरून किती वाद झाले याला गणती नाही, कारण चूक कंपायलरची की प्रोसेसरच्या घडणीची, यावरच एकमत होईना.

बांधणीशी याचा संबंध असा, की बांधणीच्या शेवटी चाचण्या चालतात. नव्या यंत्रावर हा दुपदरी हिशेब नाही, तिथे चाचणी पास. जुन्या ३२ बिटी यंत्रावर तीच संहिता, तीच चाचणी, पण शेवटचा अंक वेगळा आणि चाचणी नापास. बांधणी थांबते. मग कोणी पायरी उतरवतो, कोणी प्रत्येक आकडा सक्तीने फडताळात पाठवणारी कळ दाबतो. दोन्हींत वेग जातो. (पैशाचा हिशेब मुळात अपूर्णांकांत करूच नये, पैसे पूर्णांकांत मोजावेत. ही शिस्त पाळणाऱ्याला ३२३ क्रमांकाची झळ लागत नाही.)

या सौद्यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. पायरी उतरवणे म्हणजे रोग झाकणे. कंपायलर कोसळला तर कंपायलर दुरुस्त करा. शिवाय वेगवाढीमुळे पुष्कळदा संहितेतलीच दडलेली चूक उघडी पडते; ‘ओ-एक’वर ती पुन्हा दडून बसते, गेलेली नसते. हे सगळे खरे आहे. पण कंपायलर दुरुस्त करू शकणारी माणसे थोडी, आणि जुन्या जातीसाठी वेळ देणारी त्याहून थोडी. तक्रार नोंदवायची, तिचा क्रमांक नियमाच्या ओळीशेजारी लिहायचा आणि तोवर ‘ओ-एक’वर बांधून लोकांच्या हाती काहीतरी चालते द्यायचे, ही मला तरी प्रामाणिक रीत वाटते. खोटेपणा पुढे शिरतो. कंपायलरमधला दोष दोन वर्षांनी दुरुस्त होतो. ती ओळ काढायला मात्र कोणी परत येत नाही. मागची टीप वाचून ‘कशाला हात लावा’ म्हणत पुढचा माणूस ती तशीच ठेवतो. ज्या आजारासाठी पथ्य सुरू झाले तो बरा झाला, पथ्य चालूच. वेगाच्या त्यागापेक्षा मला या विसराळूपणाचा राग जास्त येतो.

त्यागाची किंमत तरी किती? ‘ओ-शून्य’ची किंमत मोठी, आज्ञावली कित्येक पट हळू होऊ शकते. ‘ओ-दोन’वरून ‘ओ-एक’वर आल्याने मात्र रोजच्या बऱ्याचशा कामांत माणसाला फरक जाणवतही नाही. यंत्राचा बराच वेळ डिस्कची, नेटची किंवा आपल्या बोटांची वाट पाहण्यातच जातो. फरक जाणवतो तो व्हिडिओ, चित्रे, मोठी गणिते यांत. तिथेही शहाणे लोक पूर्ण पॅकेजची पायरी उतरवत नाहीत. जी एक फाईल मोडते तिचीच उतरवतात.

आपल्या तालुक्या-गावांतली वाचनालये घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये चालणाऱ्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांचे अनुदान एवढे तुटपुंजे, की एकदा आलेला संगणक मरेपर्यंत वापरायचा असतो. माझ्या पाहण्यातल्या अशा एका वाचनालयात पेंटियम ४ आहे, ३२ बिटी, १ जीबी मेमरीचा. विंडोज एक्सपीला मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, तेव्हापासून तो डेबियनवर चालतो. पुस्तकांची यादी, सभासदांची नोंद, देवघेव. हे काम ‘ओ-एक’ने बांधले की ‘ओ-दोन’ने, ग्रंथपालबाईंना कळण्याचे कारण नाही. आज बांधून मिळते का आणि उद्या मिळेल का, एवढाच त्यांचा प्रश्न. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३मध्ये या जातीच्या यंत्रांसाठी कर्नल नाही आणि इन्स्टॉलरही नाही. म्हणजे पायऱ्या संपल्या. डेबियन १२च्या सुरक्षा दुरुस्त्या ३० जून २०२८पर्यंत मिळतील.

तरी हे वाचनालय शेजारच्या छापखान्यापेक्षा सुखी आहे. मराठीतली कितीतरी पुस्तके आणि दिवाळी अंक २००० सालाच्या आगेमागे पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवले गेले. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ची. तिची मूळ संहिता आपल्या हाती नाही, त्यामुळे ती हळूसुद्धा बांधता येत नाही. उतरायला पायरीच नाही. जुना संगणक जपायचा, किंवा नव्यात त्याचे सोंग आणायचे. वाचनालयाची यादी मात्र मागच्या मे महिन्यात साध्या युनिकोड मजकुराच्या फायलीत काढून दोन पेन ड्राइव्हवर ठेवली आहे. एक ग्रंथपालबाईंच्या कपाटात, एक अध्यक्षांच्या घरी. पेंटियम ४ला ती फाईल लिहायला बराच वेळ लागला. तेवढ्यात बाईंनी परत आलेली पुस्तके कपाटात लावून घेतली.